पास न घेतलेला शुक्रवार

माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे लिहिताना मला घाई जमत नाही. सावकाश लिहितो. पण जे लिहितो ते मला पक्कं माहीत असतं.

बायको गेली ती दसरा झाल्यावर. पुढच्या मे महिन्यात मी घरादाराला घेऊन पाळण्यांच्या बागेत गेलो. मोठी बाग, भिंती घातलेली, आत पाण्यात पडणाऱ्या होड्या, उलटे फिरणारे डबे, काय काय. गावात बोलणारे बोलले. वरीस झालं नाही आणि म्हातारा पाळण्यात बसायला निघाला. सूनबाईनं ते माझ्या कानावर घातलं, जरा भीत भीतच. मी म्हटलं, ज्याला बोलायचं त्याला माझ्याकडे पाठव. कोणी आलं नाही.

मला पाळण्याचं काय पडलं होतं? माझा मुलगा आणि माझी मुलगी दहाव्याच्या दिवसापासून एकमेकांशी बोलत नव्हते. मुलगी थोरली, कशेळीला दिलेली. मुलगा माझ्याजवळ, मानकोलीच्या बाजूला आमचं घर, त्याच रस्त्यावर त्याच्या टेम्पोचा धंदा. दोन घरांत अंतर किती, तर भात चुलीवर ठेवून जाऊन यावं एवढं. तरी सात महिने मुलीनं माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. मी तिच्याकडे जायचो, ती चहा करायची, भावाचं नाव काढलं की भांडी घासायला उठायची. आई गेल्यावर पोरीचं माहेर भावावरच असतं. ते तुटलं की जोडणारं कोणी उरत नाही. मी आहे तोवर काय ते व्हायला पाहिजे होतं.

भांडण झालं कशावरून, ते सांगतो.

दहाव्याला खाडीच्या घाटावर पिंड ठेवला. उन्हं कशी, तर ऑक्टोबरची, दगड पायाला चटके देत होता. कावळा येईना. झाडावर चार बसलेले, पण खाली एक उतरेना. आमच्यात अशा वेळी घरची माणसं हात जोडून एकेक बोलतात, तुझं अमुक राहिलं असेल ते आम्ही करू, तमुक सांभाळू, जीव अडकवू नको. मुलानं बोलून झालं, माझ्या भावांनी बोलून झालं. मुलगी बायकांच्या मागे उभी होती, ती पुढे यायला लागली. तेवढ्यात मुलगा भटजींना म्हणाला, आता दर्भाचा करा. कावळा आलाच नाही तर गवताच्या काड्यांचा कावळा करतात, तो पिंडाला लावतात, झालं काम. भटजींनी केला. मुलगी तिथंच थांबली. घाटाच्या वर रस्त्यावर मुलाचा टेम्पो माल भरून उभा होता, ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गेला होता. मुलगी सगळ्या गावासमोर बोलली, "आयसाठी अर्धा तास थांबवला न्हाय तुला. टेम्पो थांबलाय म्हनून." मुलगा खाडीत उतरला. अंघोळ करून निघून गेला. तिथून बंद झालं ते बंद.

मी पण तेच धरून चाललो होतो. धंद्याचा माणूस, त्याला टेम्पोची घाई. वाईट वाटलं, पण मुलगा आपला.

माझी बायको असती तर तिनं हे दोन दिवसांत मिटवलं असतं. तिला थांबायचा कंटाळा नव्हता. बाईमाणूस खाडीवर ओहोटीची वाट बघत बसायची, चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायला. मी बांधावरून हाका मारायचो, चल आता, उद्या ये. ती म्हणायची, पाणी माझ्या घाईनं उतरतंय का? तसंच माणसाचंही करायची. कोणी रुसलं तर त्याच्या ओटीवर जाऊन नुसती बसायची. न बोलता. समोरचा कंटाळून बोलायचा.

मला तसं नुसतं बसणं जमत नाही. म्हणून मी बागेचं काढलं. पोरांना मे महिन्याची सुट्टी, मुलाची दोन पोरं, मुलीची एक पोरगी, तिघांना एकमेकांची ओढ. शुक्रवार धरला, कारण भिवंडीत शुक्रवारी लूम बंद, आणि जावई लूमच्या कारखान्यात मुकादम, त्यांना तेवढीच सुट्टी. मुलाला सांगितलं ताई येणार आहे. मुलीला सांगितलं भाऊ येणार आहे. लपवाछपवी केली नाही. दोघांना म्हटलं, माझ्यासाठी या. बाप असं म्हणाला की नाही म्हणता येत नाही, हे मला ठाऊक होतं.

फाटकाशी पोचलो तर ही गर्दी. तिकिटं मी काढली. शेजारी दुसरी खिडकी होती, तिथं पास मिळत होते. तिकिटाच्या वर जवळजवळ तेवढेच पैसे भरायचे, मनगटाला गुलाबी कागदी पट्टा बांधून देतात, मग कुठल्याही पाळण्याला लाइन लावायची नाही, बाजूच्या फाटकातून सरळ आत. मुलगा लगेच खिडकीकडे निघाला. त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. म्हणाला, पोरं लहान आहेत, ऊन बघा, एकेका पाळण्याला तासतास उभं राहिलो तर दिवसात तीन होतील, मग यायचं कशाला. मी सगळ्यांचे काढतो, ताईच्या घरचे पण.

जावई मऊ माणूस, ते म्हणाले, आमचं आम्ही बघू. मुलगी मात्र भावाकडे न बघता मला म्हणाली, "त्याला घेऊ दे, बाबा. आमी उभी राहतू. आमाला थांबायची सवय हाय."

मुलाचं तोंड उतरलं. हातात पाकीट तसंच.

मी तिथं उभं राहून विचार केला. पास वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. ज्याला वेळ कमी त्यानं घ्यावा, त्यात लाज कसली. पण मुलानं घेतला आणि मुलीनं नाही, तर एक घर बाजूच्या फाटकातून जाणार, दुसरं लाइनीत उभं राहणार, आणि तिन्ही पोरं दिवसभर एकमेकांना शोधत फिरणार. मी माझ्या खिशातून सगळ्यांचे काढले, तर जेवायच्या आत सगळे पाळणे उरकून जो तो आपल्या वाटेनं घरी. माझं काम तसंच राहणार. मला पाळणा नको होता, मला लाइन पाहिजे होती. म्हटलं, कोणी पास घ्यायचा नाही. सगळे एका लाइनीत. मुलगा म्हणाला, बाबा, उन्हाचं काय? मी म्हटलं, वर पत्रा आहे, डोळे उघडून बघ.

लाइनही मीच लावली. आमच्या लग्नात पंगत बसते तेव्हा कोण कुणाच्या शेजारी बसायचं हे म्हातारे ठरवतात, रुसलेल्यांना मुद्दाम शेजारी बसवतात. आणि पंगतीतून एकट्यानं उठायचं नसतं. पोट भरलं तरी शेवटच्याचं होईपर्यंत पानावर बसायचं, नाहीतर शेजारच्याचा अपमान होतो. मी मुलाला आणि मुलीला पुढे घातलं, मग मी, माझ्या मागे सूनबाई, जावई आणि पोरं. म्हटलं, "ही पंगत हाय. मधून कोन उठला तर त्यानं माझ्याशी बोलायचं न्हाय."

पाण्यात पडणाऱ्या होडीची ती लाइन. लोखंडी नळ्यांच्या मधून जायचं, इकडून तिकडे, तिकडून इकडे, पुन्हा तिथंच. पत्र्याखाली घामाचा आणि क्लोरीनचा वास. बाजूच्या फाटकातून गुलाबी पट्टेवाले जात होते, आमची पोरं त्यांच्याकडे बघत होती, आणि धाकटा नातू माझ्याकडे असा बघत होता जसं मी त्याचं काही चोरलंय. पुढे दोघं बहीणभाऊ. हा उजवीकडे बघतोय, ती डावीकडे. मुलाचा मोबाइल वाजला, त्यानं बंद केला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला. पण बोलणं नाही.

अर्धी लाइन सरली. मला दिसलं की ही लाइन माझ्या हिशेबापेक्षा जोरात चाललीये. असं झालं तर दोघं तोंडं फिरवूनच होडीत बसणार. आमच्या मागे भिवंडीतलंच एक कुटुंब होतं, बुरख्यातल्या दोघी बाया, कडेवर रडणारं पोर. मी म्हटलं, जाव बेटी, आगे जाव, बच्चा रो रहा है. त्या शुक्रिया म्हणून पुढे गेल्या. मग कॉलेजची पोरं आली, त्यांनाही म्हटलं, जा. मग एक नवरा-बायको. लोक पैसे भरून लाइन टाळत होते आणि मी माझा नंबर फुकट वाटत होतो. पोरांनी आरडाओरडा केला. थोरला नातू म्हणाला, आजोबा, असं केलं तर आपण बाहेरच जाऊ. जावई हसायला लागले. माझ्या मते ते समजले होते.

मुलगा वळून म्हणाला, बाबा, काय चाललंय? मी म्हटलं, पाय दुखतात, बसतो जरा. आणि खालच्या नळीवर टेकलो. मान खाली घातली. पाय दुखत नव्हते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आता वाचतील.

मुलगा खाली वाकला. पाण्याची बाटली काढली. सकाळी काय खाल्लंत, मधुमेहाची गोळी घेतलीत का, असं विचारायला लागला, हात धरून बघायला लागला. तेव्हा वरून मुलगी बोलली, "आता बरी काळजी सुचली."

मुलगा बसल्या जागेवरून म्हणाला, "ताई, त्या दिवशी पन हे असंच बसले होते."

मुलगी त्याच्याकडे वळली.

"घाटावर. सकाळपासून पोटात काय न्हाय आन साखरेची गोळी घेतलेली. हात थरथरत होता. तू मागं होतीस, तुला दिसत नव्हतं. आयला नेऊन दहा दिवस झाले, आता ह्यांना पन तिथनंच न्यायचं का? म्हनून म्हटलं भटजीला, करा."

"मंग सांगायचंस."

"तू गावासमोर टेम्पोचं नाव काढलंस. त्याच्यावर काय सांगू?"

मला त्या दिवसाचं ऊन आठवत होतं, दगड आठवत होता. हात थरथरत होता हे मला माहीत नव्हतं. मी मान खालीच ठेवली. वर केली असती तर दोघांनी माझ्याकडे बघितलं असतं आणि बोलणं तिथंच थांबलं असतं. लाइन पुढे सरकत होती, मागचे हिंदीत ओरडत होते, भाईसाब चलो ना. जावयांनी त्यांना हातानंच पुढे जायला सांगितलं.

मुलगी म्हणाली, "मना आयला एक बोलायचं होतं, बाला. तेवढं ऱ्हायलं."

बाला म्हणजे ती त्याला लहानपणापासून म्हणते ते. सात महिन्यांत मी तो शब्द ऐकला नव्हता.

मुलगा उठला. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. म्हणाला, "वरीस व्हायचंय अजून. तवा कावळ्याला पान ठेवू. तू बोल. मी थांबतो."

काय बोलायचं होतं ते त्यानं विचारलं नाही. तेवढी अक्कल त्याला आईकडून आली आहे.

शेवटी होडीपाशी पोचलो, तर तिथल्या पोऱ्यानं मला अडवलं. म्हाताऱ्या माणसांना बसवत नाहीत. एवढं उभं राहून मला पासवाल्यांच्याच फाटकातून बाहेर काढलं. मी सगळ्यांच्या चपला धरून कठड्याशी उभा राहिलो. होडी वर गेली, वर थांबली, आणि खाली आली. पुढच्या बाकावर बहीणभाऊ, मध्ये धाकटा नातू. तिघंही तोंड उघडून ओरडत होते. पाण्यात पडून झालं तरी मुलगी ओरडत होती. मग ती रडत होती, पण सगळेच भिजलेले, कोणाला कळतंय.

पोरं लगेच म्हणाली, परत. मुलगा पासाच्या खिडकीकडे बघेल असं मला वाटलं. तो सरळ जाऊन लाइनीच्या शेवटी उभा राहिला.

दसरा झाला, वर्षश्राद्ध आलं. मुलगी आदल्या दिवशीच आली, पिशवी घेऊन, राहायला. सकाळपासून सूनबाईबरोबर वडे तळले. माझ्या बायकोच्या हातचे व्हायचे तसे झाले नाहीत, मी तसं सांगितलं, मुलगी म्हणाली, खायचे तर खा. दुपारी दोघं पान घेऊन गच्चीवर गेली. मी पण जिन्यापर्यंत गेलो. मुलगा वरून म्हणाला, बाबा, तुम्ही जेवून घ्या, आम्ही बसतो इथं, किती वेळ लागायचा तो लागू दे.

पान कावळ्यानं शिवल्याशिवाय घरातल्यानं जेवायचं नसतं. सूनबाई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, वाढ. बायकोला विचारायला ती इथं नाही, पण उपाशी बसलेलं तिला कधी चाललं नाही.

मी जेवलो. वर दोघं भांडत होती, पान उन्हात ठेवायचं का टाकीच्या सावलीला. चांगली मोठ्या आवाजात.