गेटपासून रस्त्यापर्यंतची वाळू

आईला अर्धांगवायू झाला त्या वर्षी आम्ही यूएईमधल्या रास अल खैमात एका जुन्या बैठ्या व्हिलात भाड्याने राहत होतो. गेटपासून रस्त्यापर्यंत वीसेक पावलं भुसभुशीत वाळू होती. आठवड्यातून दोनदा आईला फिजिओथेरपीला न्यावं लागे आणि व्हीलचेअरची चाकं वाळूत रुतत. मग बायको पाय धरायची, मी खांदे, आणि आम्ही तिला उचलून गाडीपर्यंत न्यायचो. आई डोळे मिटून घ्यायची. लोक बघतात, याची तिला लाज वाटे.

गाडी गेटपर्यंत यावी म्हणून तिथे फरशी टाकायची मी ठरवलं. पण भिंतीबाहेरची जागा सरकारी, त्यामुळे नगरपालिकेची परवानगी हवी, आणि अर्जाला घरमालकाचं ना-हरकत पत्र. मालक म्हातारे होते, सज्जन होते. त्यांनी मला कहावा, म्हणजे अरबी कॉफी, पाजला आणि सांगितलं की घर दोघा भावांच्या नावावर आहे, धाकटा परदेशात असतो, तो आला की सही करेल, इन्शाल्ला. तीन महिने मी दर आठवड्याला फोन करत राहिलो.

शेवटी कंपनीच्या गोडाऊनमधून जाड फळ्या आणून वाळूवर अंथरल्या. व्हीलचेअर सरळ गाडीपर्यंत जाऊ लागली. तीन आठवडे आई स्वतःच्या उजव्या हाताने चाक फिरवत बाहेर येत होती.

मग नगरपालिकेचा माणूस आला. फळ्यांचे फोटो काढले आणि हिंदीत शांतपणे म्हणाला की विनापरवाना आहे, पंधरा दिवसांत हटवा. एक कागद दिला.

मी त्याच संध्याकाळी फळ्या उचलायला लागलो. माझी मुलगी दारात उभी होती. तिने कागद वाचला होता.

"बाबा, वी हॅव फिफ्टीन डेज," ती म्हणाली.

मी तिला आत जायला सांगितलं. सोळा वर्षं या देशात काढली, एकही दंड नाही, याचा मला अभिमान होता. आणि भीतीही होती, व्हिसाची, नोकरीची.

चौथ्या दिवशी आईला उचलून नेताना माझा पाय वाळूत मुरगळला. आम्ही तिघंही पडलो. आईचं खुब्याचं हाड मोडलं.

ती हॉस्पिटलात असतानाच धाकट्या भावाची सही आली आणि पाठोपाठ परवानगीही. फरशीचं काम दोन दिवसांत झालं. आईला घरी आणलं तेव्हा ॲम्ब्युलन्स थेट गेटपाशी लागली, स्ट्रेचर हिसका न बसता आत आलं. त्यानंतर आई बसू शकली नाही.

एका दुपारी तिला भरवताना मी फरशीबद्दल सांगितलं. ती छताकडे बघत होती.

"फळ्या बऱ्या होत्या रे," ती म्हणाली. "कोणी काढल्या?"

"नगरपालिकेने," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. बायको दारात उभी होती. ती काही बोलली नाही. तेव्हाही नाही, आणि आई गेल्यावरही नाही.