पीटर अजून सुटला नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. फादरना तर नाहीच. दर महिन्याला पापकबुलीला जाते, जाळीपलीकडच्या कानात ठरलेली पापं ओतते — चिडले, चहाडी केली, प्रार्थनेत लक्ष लागलं नाही — ही असली चिल्लर ऐकून फादरही पलीकडे जांभई देत असतील. मोठं पाप मी घरी ठेवून जाते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असतात तर तुमच्यासमोरही मी शहाणी मास्तरीणबाईच झाले असते.

मी छावणीत, म्हणजे शहराच्या जुन्या लष्करी भागात राहते. शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहे. आमच्या वस्तीत नोव्हेंबर महिनाभर घरोघर मृतांसाठी जपमाळ होते, ती मी चालवते. तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते — आम्हा कॅथोलिकांची अशी श्रद्धा की मेलेला माणूस थेट स्वर्गात जातोच असं नाही. बहुतेकांना आधी शुद्धिस्थानात थांबावं लागतं, उरलासुरला मळ तिथं जळून जाईपर्यंत. त्या आत्म्यांना स्वतःसाठी काहीच करता येत नाही. आपण इथून प्रार्थना करायच्या, त्यांच्या नावानं मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, अर्पण करायची, एखादी आवडती गोष्ट सोडायची, म्हणजे ते लवकर सुटतात. किती सुंदर कल्पना आहे! आणि आम्ही माणसं तिची काय माती करतो!

आमच्या दफनभूमीत दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, या एकदा. जिनं सासूला शेवटी शेवटी पाण्याचा पेला दिला नाही, ती सासूच्या कबरीवर झेंडूचे हार टाकून हंबरडा फोडते. बांधावरून भावाचं डोकं फोडायला निघालेला त्याच भावाच्या कबरीला चुना लावतो आणि चुना ओला असतानाच फोटो काढून घेतो. मेणबत्त्या वाऱ्यानं विझतात, पुन्हा पेटवतात, फादर पवित्र पाणी शिंपडत पुढं जातात आणि फादरांची पाठ वळली की घरी काय शिजलंय याची चर्चा सुरू. मी सगळं बघते. मनातल्या मनात थुंकते. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून — ही म्हण मी मुलांना फळ्यावर लिहून द्यायचे. अक्षर फार वळणदार होतं माझं.

बघा, पुन्हा दुसऱ्यांचंच सांगत बसले.

पीटर माझा धाकटा भाऊ. प्यायचा. वाळूजच्या कंपनीतून सुटून येताना ट्रकखाली गेला — पापकबुली नाही, शेवटचा संस्कार नाही, काही नाही. मागं त्याची बायको राहिली, मार्था. मूलबाळ नव्हतं. गंगापूरकडच्या खेड्यातली, जेमतेम शिकलेली, हसली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. का? काही कारण लागतं का? तिच्या हसण्याचा राग यायचा. चहा बशीत ओतून फुर्रकन प्यायची, त्याचा राग यायचा. आणि मी इतकी शिकलेली, मला कुणी मागणी घातली नाही, आणि हिला माझा भाऊ मिळाला होता — याचाही यायचा. हे आज पहिल्यांदा लिहितेय. लिहिताना लाज वाटतेय, पण लाजेनं काय होतं?

आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिचं अंग पुसणं, कपडे बदलणं, भरवणं — सगळं मार्था करायची. मी शाळेत जायचे. घरी येऊन तिनं भाजीत मीठ जास्त टाकलंय हे सांगायचे.

पीटर जाऊन वर्ष उलटल्यावर पैठणहून एक सुतार मार्थेला मागणी घालायला आला. विधुर, आमच्याच धर्माचा, सरळ माणूस. बहिणीला घेऊन आला, खाली मान घालून बसला. फादरांना विचारलं, ते म्हणाले, चर्चची काहीच हरकत नाही, उलट चांगलंच आहे. मार्था हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवशी भांडी घासताना ती गुणगुणत होती. चर्चमधलंच काहीतरी, नाताळचं गाणं — नाताळ अजून लांब होता.

त्या गुणगुणण्यानं माझं डोकं फिरलं.

सांगते. थांबा जरा — सांगतेच.

मृतांच्या दिवशी संध्याकाळी, दफनभूमीतून परत आल्यावर, ती पीठ मळत होती. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, पीटर स्वप्नात आला होता. फार होरपळतोय. ओठ कोरडे पडलेत त्याचे. विचारत होता, मार्था विसरली का गं मला? तू माळ ओढतेस तेवढाच वेळ थंडावा मिळतो म्हणाला.

तिचे हात पिठात तसेच राहिले. "व्हय आक्का? आसं म्हनले ते?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

मला कसलंही स्वप्न पडलं नव्हतं. आदल्या रात्री मी ढाराढूर झोपले होते.

आता तुम्ही म्हणाल, एका वाक्यावर कुणी आयुष्य ओवाळून टाकतं का? टाकतं. तुम्ही मार्थेला बघितलेलं नाही. फादरांना जाऊन विचारलं असतं तर त्यांनी समजावलं असतं की स्वप्नांवर विश्वास ठेवू नकोस, देव असा छळवादी नाही. पण जिच्या घरात मास्तरीण नणंद आहे ती फादरांना कशाला विचारेल? तिनं सुताराला नाही म्हणून निरोप धाडला. मी वर तोंड करून त्याच्या बहिणीला म्हटलं, आमची मार्था फार निष्ठावान आहे हो. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू — फार बरं वाटलं. आईचं करायला माणूस राहिलं, स्वयंपाकघरातलं गुणगुणणं बंद झालं.

तेव्हापासून तिनं माठाचं पाणी सोडलं. पीटरला तहान लागलीय म्हणून. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल तर यातलं काय ते कळेल — भर मे महिन्यात ती गच्चीवरच्या टाकीचं कढत पाणी प्यायची, तेही घोटभर. थंड घोटाचा तो त्याग पीटरच्या नावानं. मुतखड्यानं कितीदा आडवी झाली. डॉक्टर ओरडायचे, पाणी पीत जा बाई! ती म्हणायची, पिते की साहेब. मी शेजारच्या खुर्चीवर बसलेली असायचे, पर्स मांडीवर घेऊन.

दफनभूमीत जाऊन ती त्याच्या कबरीवर तांब्याभर पाणी ओतायची. फादरांच्या कानावर गेलं. त्यांनी नाव न घेता प्रवचनात सांगितलं, आत्म्यांना पाणी पोचत नाही, प्रार्थना पोचते, असले प्रकार करू नयेत. बायकांच्या बाजूला खसखस पिकली. सगळ्यांना कळलं होतं कुणाबद्दल आहे ते. मार्था पदर ओढून खाली बघत राहिली.

मीही हसले. सगळ्यांबरोबर.

आई गेली, मार्थेच्या मांडीवर डोकं ठेवून. त्यानंतर तर मला ते खोटं धरून ठेवायचं कारणच उरलं नव्हतं. तरी बोलले नाही. काय सांगणार? आणि मग माळ चालवायची कुणी, लोक मला बाई बाई म्हणणार कसे? वस्तीतल्या ढोंग्यांवर मी इतकी तुच्छतेनं बोलते ना — त्या सासूच्या कबरीवर रडणाऱ्या बाईनं निदान मेलेल्या माणसाशी ढोंग केलं. मी जिवंत बाईला जाळत ठेवलं आणि तिच्याच हातचं खात राहिले. शुद्धिस्थानावर माझा विश्वास आहे का, हेही विचारून बघितलं स्वतःला. आहे. म्हणजे तेव्हाही होता. देवाच्या दयेची गोष्ट मी चाबूक म्हणून वापरली, आणि मला ठाऊक होतं की मी काय वापरतेय.

इथवर जुनं झालं. जुन्या पापावर माणूस हळहळतो, डोळे पुसतो, बरं वाटून घेतो. पण गेल्या महिन्यातलं ऐका.

मार्थेची धाकटी बहीण पैठणला असते. तिनं फोन करून करून हिला बोलावलं — आता तिथं काय राह्यलंय तुझं, ये, दोघी मिळून राहू. मार्थेनं बॅग भरली. केस पांढरे झालेत तिचे, पण त्या दिवशी तिनं ते तेल लावून नीट विंचरले होते. माझे गुडघे गेलेत, ओट्यापाशी उभं राहवत नाही, हे तिला माहीत होतं; तिनं शेजारच्या मुलीला माझ्या डब्याचंही सांगून ठेवलं होतं. तिला अडवणारी एकच गोष्ट होती. कबर इथं होती.

ती माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसली. इतक्या वर्षांत तिनं कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"आक्का, ह्ये परत आले का वं सपनात? सुटले आसतील ना आता?"

मला फक्त हो म्हणायचं होतं. खरं सांगायचीसुद्धा गरज नव्हती. आणखी एक खोटं बोलले असते — हो, आला होता, पांढऱ्या कपड्यांत, हसत होता — तरी ती सुटली असती. जन्मात एकदा खोटं बोलणं पुण्याचं ठरलं असतं, आणि खोटं बोलायला मी कधी कचरले नव्हते.

मी म्हटलं, "आला होता. थोडं राहिलंय म्हणाला."

तिनं मान हलवली. जराशीही रडली नाही. उठली, बॅगेतल्या साड्या काढून पुन्हा कपाटात लावल्या, बहिणीला फोन करून सांगितलं की जमायचं नाही. मग हात धुऊन तिनं कणीक भिजवली, पोळ्या केल्या आणि माझं ताट वाढलं.

मी जेवले.