मास्तर गप्प बसतात

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचं तोंड गाडीच्या आधी सुरू व्हायचं आणि गाडी बंद पडली तरी चालूच राहायचं. "क्लच दाबा, आरसा बघा, त्या सायकलवाल्यालाही घरी बायकापोरं आहेत!" तोंडाच्या या पट्ट्यावर त्यांनी अर्ध्या गावाला लायसन्स मिळवून दिलं होतं.

अडल्या होत्या त्या एकट्या नर्सबाई. दोनदा नापास. घरोघरी जाऊन रुग्ण बघायची चांगली नोकरी चालून आली होती, पण या खेपेलाही लायसन्स हुकलं, तर जागा दुसरीला जाणार होती.

"बाईंचं डोकंच चालत नाही," मास्तर जेवताना बायकोला म्हणाले.

"अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या बाईचं? अहो, गाडी नेमकी बंद कधी पडते?"

"मी 'क्लच!' म्हणून ओरडलो की."

"आणि नाही ओरडलात तर?"

"न ओरडता शिकवायचं कसं?"

"मला काय विचारता? इतक्या वर्षांत मी तरी तुम्हाला गप्प कुठे पाहिलंय!"

मास्तरांचा घास हातातच राहिला. दोनदा नापास नक्की कोण झालं होतं?

सकाळी गाडीत बसताच त्यांनी जाहीर केलं, "आज मी बोलणार नाही. टिचकी मारली की हळू, हात वर केला की थांबायचं."

नर्सबाईंनी सवयीने त्यांची नाडी बघायला हात पुढे केला.

चढणीवर गाडी बंद पडली. मास्तरांनी रुमाल दातांत धरला. बाईंनी गाडी पुन्हा सुरू केली, कान देऊन क्षणभर थांबल्या आणि अलगद पाय उचलला. गाडी वर चढली.

"इंजिनाचा आवाज बदलतो की हो!" बाई हरखून म्हणाल्या. "छातीतली घरघर ओळखण्यात माझा जन्म गेला, मास्तर. पण तुमच्या पट्ट्यापुढे इंजिन कधी ऐकूच आलं नाही."

मास्तर ओशाळले, पण रुमाल तोंडात असल्याने ते फारसं कुणाला कळलं नाही.

परीक्षेच्या दिवशी बाई पास झाल्या. परतताना गाडी त्याच चालवत होत्या आणि सगळा वेळ बोलतही त्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी एक निवृत्त कारकून शिकायला आले. मास्तर नव्या पद्धतीच्या अभिमानात ओठ मिटून बसले. पहिल्या वळणाआधीच कारकून घामाघूम झाले.

"मास्तर, काहीतरी बोला हो! या शांततेत जीव घाबरा होतोय."

"असं होय?" मास्तर खुलले, सरसावून बसले. "मग आधी तो क्लच दाबा बघू!"