जमा न केलेली पुंगळी

जळगाव स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आबांनी हात हलवला नाही. परेडला उभे राहत तसेच ते सावधानमध्ये उभे होते. आईने कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या बांधून दिल्या होत्या. माझे वडील, म्हणजे आबा, खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "जे वापरशी, ते साफ करीसन ठेवजो." अमेरिकेला निघालेल्या मुलाला कुणी असा उपदेश करतं का, म्हणून बहीण हसली. मला हसू आलं नाही. त्यांची सगळी नोकरी त्या वाक्यात होती.

आबा पोलिसांच्या एका शस्त्रागारात होते. थ्री-नॉट-थ्री बंदुका उतरवायच्या, नळीतून दोरीने तेलाची चिंधी ओढायची, लाकूड पुसायचं आणि रांगेत उभ्या करायच्या. सरावाला कुणी गोळी झाडली की तिची रिकामी पुंगळी आबांच्या हातात जमा करायची. एक जरी कमी भरली तरी सगळी तुकडी उन्हात गवत चाचपत बसे. आबांना गोळ्या मोजायला आवडायचं. झाडायला कधीच नाही.

मी नववीत असताना साहेबांच्या ओळखीचे एक बडे पाहुणे चोपड्याच्या वर, सातपुड्यात हरणं मारायला निघाले. त्यांना सरकारी बंदूक हवी होती. आबा नाही म्हणाले नाहीत. त्यांनी नोंदवही उघडली आणि विचारलं, "साहेब, कारणाच्या रकान्यात हरीण लिहू का काळवीट?" पाहुणे तसेच परत गेले. पुढच्या महिन्यात आबांची लांब बदली झाली, क्वार्टर सुटलं आणि आम्ही शिंदखेड्याजवळ मामांच्या गावी येऊन राहिलो. आई चिडून म्हणायची, "एक हरीणना पायी बठ्ठं घर उठनं!" आबा शांतपणे म्हणत, "हरीणनंबी घर व्हतं."

त्या गावच्या शाळेतून मी जळगावला इंजिनियरिंगला गेलो, घरातला पहिला पदवीधर झालो आणि आता मिशिगनमध्ये एका कारखान्यात मशीनची डिझाइन्स करतो. शाळेतल्या मित्रांनो, तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना ठाऊक असेल, इथे पहिली काही वर्षं माणूस सगळं विचारतच जगतो. कचऱ्याचा डबा कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचा, ड्राइव्ह-वेवरच्या बर्फावर मीठ किती टाकायचं. मी हे सगळं डेव्हला विचारलं. तो आमच्या कारखान्यातला जुना फोरमन. बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा बर्फातून आम्हाला हॉस्पिटलात त्यानेच नेलं. त्याचे उपकार मी विसरू शकत नाही.

गेल्या हिवाळ्याआधी त्याने बेसमेंटमधून आपल्या वडिलांची हरणाच्या शिकारीची बंदूक काढली. लष्कराने मोडीत काढलेली, त्यांनी कधीकाळी दुकानातून आणलेली. कापड बाजूला केलं आणि मी ओळखली. थ्री-नॉट-थ्री! न विचारता मी, लहानपणी आबांना बघितलं होतं तसा, तिच्या बोल्टचा दांडा मागे ओढला, बोल्ट काढला, नळी उजेडाकडे धरली. डेव्हची मुलं बघत राहिली. "हे तुला कसं येतं?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांत इथे पहिल्यांदा कुणीतरी मला काही विचारलं होतं.

मी लगेच आबांना व्हिडिओ कॉल लावला. पुढच्या लाकडातून आरपार गेलेला आडवा स्क्रू दिसताच ते खुर्चीतून उठले. "अरे, ही तर आपलीच शे! हिंदुस्थानमा बनेल. नळी गंजनी दिखस, पहिले साफ कर!" त्यांच्या सांगण्यावरून मी दोन तास ती साफ केली. निवृत्तीनंतर आबांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

नोव्हेंबरात मी लायसन्स काढलं आणि डेव्हबरोबर गेलो. आमच्या घरी मटण शिजतं, तेव्हा प्रश्न मांसाचा नव्हता. इथे हरणं फार झालीत, शेतं खातात, मोटारींवर येऊन आदळतात, हेही खरं. हरणाची मादी झाडीतून बाहेर आली तेव्हा डेव्ह म्हणाला, "तू मार. बंदूक तुलाच ओळखते." मी मारली. ती चाळीस पावलं धावली आणि मग बसली. डेव्ह माझी पाठ थोपटत होता आणि मी बर्फात गुडघ्यांवर बसून पुंगळी शोधत होतो.

रविवारी आबांनी विचारलं, "बंदूक चालाडी का? पुंगळी उचली का?"

"उचलली, आबा."

"कशावर चालाडी?"

"निशाणाच्या पत्र्यावर," मी म्हणालो.

मग वर्षभर गावातले लोक मला फोनवर आबांचं वाक्य ऐकवत राहिले: "मन्हा पोऱ्या अमेरिकामा आपली थ्री-नॉट-थ्री चालाडस, पन जीववर नही." मामेभाऊ तर चिडवायचा, "काय साहेब, पत्रा मेला का?" प्रत्येक वेळी टेबलाचा खण माझ्या नजरेसमोर यायचा. पुंगळी त्यातच आहे.

मागच्या रविवारी सांगून टाकलं. "आबा, पत्रा नव्हता. हरीण मारं मी."

पडद्यावर ते हलले नाहीत. मला वाटलं, नेट अडकलं.

"एक गोळीमा पडनं का?"

"नही. चाळीस पावलं पळनं."

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पण परत घातला नाही.

"पुंगळी कोठे शे?"

"मन्हाजोडे."

"मंग जमा कोठे करशी?"

फोन त्यांनीच ठेवला.

इथे त्या गोळीबद्दल मला कुणी काही विचारणार नाही. लायसन्स होतं, हरणाला परवान्याचा टॅग लावला होता, मांस चार घरांत वाटलं गेलं. विचारणारा माणूस जगात एकच आहे आणि तो शिंदखेड्याजवळच्या एका ओट्यावर बसलेला आहे. तुम्ही जे गावीच राहिलात, तुम्हाला मी घर म्हणून नेहमी कपाशीची रानं आणि कळण्याच्या पुऱ्या लिहून पाठवल्या. आता घर म्हणून तो ओटा तेवढा उरला आहे.

दिवाळीला जाणार आहे. पुंगळी विमानातून नेता येत नाही. आबांसमोर रिकामा हात पुढे करावा लागेल.