लागलेला खवा

हे मी बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. घरातल्यांनाही परवा-परवापर्यंत माहीत नव्हतं. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच कदाचित सांगायला जमतंय — समोर बसला असतात तर मी चहा टाकायला उठले असते आणि विषय बदलला असता. विषय बदलण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

आधी चांगलं सांगते. माझ्या हृदयाची झडप बदलली. सोलापूरला छाती उघडून ऑपरेशन झालं आणि मी आमच्या ईट गावी, घरी, आपल्या पायांनी जिना चढून गच्चीवर जाते. आजूबाजूला शांत असलं की नव्या झडपेची टिकटिक ऐकू येते. नवरा म्हणतो, आता भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवू. मी हसते. पूर्वी हसायलाही दम पुरत नव्हता.

पण त्या ऑपरेशनपर्यंत मी पोचले कशी — ते सांगायचं तर खव्याच्या भट्टीपासून सुरुवात करावी लागते.

आमची भट्टी सासऱ्यांपासूनची. लग्न होऊन आले तेव्हापासून कढईपुढे मीच. दूध आटून गोळा व्हायला लागलं की हात थांबवायचा नसतो. कुणी हाक मारो, पदर सुटो — उलथणं कढईच्या बुडाशी फिरत राहिलंच पाहिजे. जरा थांबलात की खवा लागला. मग दिसायला कितीही पांढरा असो, चव जळकी. माझा खवा कधी लागला नाही, हे मी ज्याला-त्याला ऐकवायचे. पाहुण्याला पाण्याआधी हे ऐकावं लागायचं म्हणा ना.

मग दम लागायला लागला. आधी चढावर, नंतर कढईपुढे, नंतर आडवं झालं तरी. बहिणीकडे जाते असं सांगून मी बार्शीला एका डॉक्टरांना दाखवून आले. त्यांनी इको काढली. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का, असं विचारलं. यायचा. त्यातूनच झडप आक्रसलीय, ऑपरेशन करावं लागेल, म्हणाले. आणि घरी येऊन मी काय सांगितलं? बहिणीनं डॉक्टरला दाखवलं, रक्त कमी आहे, गूळ-शेंगदाणे खा म्हणाले. भीती वाटत होती — छाती उघडणार म्हटल्यावर कुणाला वाटणार नाही? पण खरं सांगू? त्याहून मोठी भीती कढईपुढची जागा जाण्याची होती.

आमची सून मंगल तेव्हा नवीन होती. ती जाळ सांभाळायची, मी कढई. दिवाळीच्या तोंडावर कामाची घाई होती. दूध गोळा होत आलेलं, मंगल लाकडं आणायला बाहेर गेलेली — आणि माझा श्वास अडकला. डोळ्यांपुढे अंधारी आली. उलथणं कढईत सोडून मी भिंतीला टेकून खाली बसले. किती वेळ, ठाऊक नाही. वास आला तेव्हा उठले आणि पुन्हा हलवायला लागले. काही झालंच नाही असं.

पेढेवाल्यानं सगळा माल परत पाठवला. टेम्पो दारात, नवरा आणि मुलगा उभे, शेजारचेही दोघं-तिघं आले. आणि कुणी विचारायच्या आत मी म्हणाले, "हिनं जाळ वाढवला. किती येळा सांगितलं, मंद ठिव म्हणून."

मंगल भांडेल असं मला वाटलं होतं. भांडली असती तर मी चार शब्द जास्त बोलले असते आणि विसरूनही गेले असते. ती भांडली नाही. आपल्या हातांकडे बघत राहिली. तिला ते पटलं — लक्षात येतंय का तुमच्या? तिला खरंच वाटलं की हे आपल्याकडूनच झालं.

त्यानंतर ती भट्टीजवळ आली नाही. दुधाचे कॅन धुवायची, गोठा बघायची, खव्याचा विषय निघाला की मान खाली. आणि मी? बायकांत बसून हसत सांगायचे, आमच्या सूनबाईंचा हात जाळावर लई मोकळा. वर्षानुवर्षं सांगत राहिले. मला लाज कशी वाटली नाही?

पुढे माझे पाय सुजले, बोलताना वाक्य पुरं होईना. तेव्हा मंगलच हटून बसली. "रक्त कमी असलं म्हणून असा दम लागत न्हाय," म्हणाली आणि मुलाला गाडी काढायला लावली. सोलापूरला झडपेचं उघड झालं. मला ते आधीच माहीत होतं, हे मी तिथंही गिळून टाकलं.

ऑपरेशनआधी श्वासासाठी एक नळीचं खेळणं देतात. नळीतून श्वास ओढायचा आणि आतले तीन चेंडू वर चढवायचे. माझा एकच चढायचा, तोही लाजत. मंगल समोर बसून म्हणायची, "ओढा आत्या, अजून थोडं." आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. दुसरा चेंडू नुसता हलला तरी ती टाळी वाजवायची. आदल्या दिवशी दुपारी हेच चालू असताना ती एकदम म्हणाली, "आत्या, एक बोलू? तुमचा खवा जन्मात कधी लागला नव्हता. माझ्यापायी तुमचं नाव गेलं. मला माफ करा."

नळी माझ्या तोंडात होती. काढता आली नसती का? आली असती. मी ती दातांत धरून ठेवली आणि श्वास ओढला. तिन्ही चेंडू वर गेले. मंगल आनंदानं रडायला लागली.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा देव आठवला नाही, तिचा तो चेहरा आठवला. वाचले होते मी. आता गप्प बसायला कुठलं कारण उरलं होतं?

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, भट्टी बंद करू. आईला जड काम चालणार नाही आणि मंगल हात लावत नाही. मंगल म्हणाली, "माझ्या हातानं खवा लागतो." तेव्हा मी उठले. खोकला आला तर छातीला धक्का बसू नये म्हणून देतात ती उशी छातीशी धरली आणि सगळ्यांना भट्टीपाशी बोलावलं. म्हणाले, "जाळ मंदच होता. हात माझा थांबला. आजार मला म्हाईत होता. म्या खोटं बोलले."

नवरा खाली बघत राहिला. मुलगा बाहेर निघून गेला. मंगल एवढंच म्हणाली, "इतकी वर्सं म्या सपनात भट्टीतली लाकडं मागं वढती, आत्या."

मी माफी मागितली नाही — मागितली असती तर तिला द्यावी लागली असती. बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मग एका सकाळी धुराचा वास आला. भट्टी पेटली होती. कढईपुढे मंगल होती, घामानं भिजलेली, आणि हात थांबत नव्हता. मी दारात उभी राहिले. खवा गोळा झाला — पांढरा, दाणेदार. तिनं लहानसा गोळा तोडून माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात — एवढा आवाज कैक वर्षांत निघाला नव्हता — म्हणाले, "माझ्यापरीस चांगला झालाय."

ती हसली नाही. "सरका आत्या," म्हणाली, "दुसरी कढई चढवायचीय."

मी सरकले.