केळीच्या पानात बांधलेल्या कादंबऱ्या

डॉक्टरांनी माझ्या उघड्या पाठीवर डावा पंजा ठेवला आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकून पाहिलं. फणस तयार झाला का हे आपण टिचकी मारून बघतो ना, अगदी तसंच. डाव्या बाजूला पोकळ आवाज आला. उजव्या बाजूला आला बद्द.

"प्लुरल इफ्यूजन," डॉक्टर म्हणाले. "फुप्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात. तुमच्या उजव्या बाजूला त्या पडद्यांमध्ये पाणी साठलंय. इतके दिवस अंगावर काढलंत कशाला?"

मी काय सांगणार? बरगडीत कळ यायची, संध्याकाळी कणकण असायची, विहिरीवरून घरापर्यंत आलो तरी धाप लागायची. पण दसरा होऊन गेला होता आणि आमच्या वाडीत सुकेळ्यांचा हंगाम तोंडावर आला होता. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात घालायची, रोज संध्याकाळी गोळा करून झाकायची. या दिवसांत वसईचा बागाईतदार मरायलासुद्धा मोकळा नसतो. मला वाटलं, ओझं उचलताना कुठे लचक भरली असेल. बायकोने शेक दिला आणि मी पुन्हा कामाला लागलो. हा शुद्ध गाढवपणा होता. तुमच्यापैकी कुणाला बरगडीत कळ आणि संध्याकाळचा ताप अशी जोडगोळी भेटली, तर कृपा करून लचक समजू नका.

मुंबईच्या रुग्णालयात पाठवलं. तिथल्या बाकावर बसून माझा नंबर येईपर्यंत समोरच्या माणसाचा खोकला माझ्या तोंडपाठ झाला. एक्स-रे काढला. मग पाठीत सुई घालून पाणी काढलं. याला टॅपिंग म्हणतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण सुई शिरतानाची कळ सोडली तर पुढे फारसं काही नाही. बाटलीत उतरलेलं ते पाणी पिवळसर, कोवळ्या उसाच्या रसासारखं होतं. श्वास एकदम मोकळा झाला आणि मी मनात म्हटलं, चला, सुटलो!

कसला सुटतोय! मोठे डॉक्टर म्हणाले, "हे पाणी क्षयाचं आहे की साधं, ते कळायला हवं. यातलं थोडं आम्ही एका गिनीपिगला टोचतो. सशासारखा छोटा प्राणी असतो. महिना-सव्वा महिना वाट बघायची. तो आजारी पडला तर तुमच्या पाण्यात क्षयाचे जंतू आहेत असं समजायचं. तोवर घरी जायचं आणि पडून राहायचं. ॲब्सोल्यूट बेड रेस्ट. म्हणजे न्हाणीघरापलीकडे पाऊल टाकायचं नाही. भांडी वेगळी, उकळून घ्यायची. लहान मूल खोलीत येता कामा नये."

शालू तेव्हा दोन वर्षांची होती. माझी एकुलती एक.

घरी आलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. क्षय हा शब्दच असा होता की ऐकणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळायचं. आईने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "मथुराला आन् पोरीला माहेरी धाड, दादा. पोर नाजूक हाय."

मी अंथरुणावरून गरजलो, "कुणी कुठे जायचं नाही! माझी बायको माझ्या घरात राहील. मला काही झालेलं नाही."

मथुरा, म्हणजे माझी बायको, दारात उभी होती. तिला काय वाटतं हे विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि आमच्या घरात विचारायची पद्धत नव्हती.

दोन दिवसांत मी सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. खिडकीतून ओरडून गड्यांना सूचना द्यायचो, रहाटाचा आवाज कमी आला की उठून बसायचो, मांडवावर कावळा बसला की शिव्या घालायचो. तिसऱ्या दिवशी पश्चिमेला ढग दिसले. सुकेळ्यांवर चार थेंब पडले तर सगळा माल काळा पडतो. मी उठलो, धावत मांडवाकडे गेलो आणि चटया गुंडाळायला लागलो. थेंब एकही पडला नाही. मी मात्र तिथेच कोसळलो आणि रात्रभर तापाने फणफणलो.

सकाळी मथुराने खोलीच्या उंबऱ्यावर एक पुडी ठेवली. केळीच्या सुक्या पानात गुंडाळलेली, केळीच्याच खोडाच्या सोपाच्या दोरीने आवळून बांधलेली. सुकेळी बांधतात तशीच, तिच्या हातची घट्ट गाठ. मला वाटलं खायला दिलंय. सोडून पाहतो तो आत छापील पानं.

"हे काय?"

"कादंबरी आहे. पहिली दोन प्रकरणं."

"आणि बाकीची?"

"उद्या. पडून राहिलात तर."

तेव्हा मला कळलं की माझी बायको कादंबऱ्या वाचते. आठ वर्षं! माझा मेहुणा वाचनालयातून आणायचा आणि ही दुपारी चुलीमागे बसून वाचायची. आणि आता तिने चक्क वाचनालयाचं पुस्तक उसवलं होतं.

"अगं, दुसऱ्याचं पुस्तक फाडलंस?"

"फाडलं नाही, शिवण काढलीये. परत शिवून देईन. सबंध पुस्तक तुमच्या हातात दिलं असतं तर शेवटचं पान वाचून फेकून दिलं असतंत. मी ओळखते तुम्हाला."

कादंबरी म्हणजे रिकामटेकड्या बायकांचा चाळा, असं माझं ठाम मत होतं. पण छताचे वासे तरी किती मोजणार? वाचायला घेतली. एक श्रीमंत बॅरिस्टर, एक गरीब गाणारी मुलगी, त्याच्या आईचा विरोध. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी मुलगी वादळात होडीत बसते आणि होडी उलटते. आणि पुडी संपली! मी संतापाने लालबुंद झालो. दिवसभर पडल्या पडल्या त्या मुलीला पोहता येत असेल का याचा विचार करत होतो. संध्याकाळी लक्षात आलं की रहाटाचा आवाज आज मी ऐकलाच नाही.

असा तो महिना सुरू झाला. रोज सकाळी एक पुडी. प्रेमाच्या झाल्या, मग अद्भुताच्या आल्या: उडणारे घोडे, बोलणारे आरसे, जमिनीखालची शहरं. एका गुहेत सात दरवाजे होते आणि सातव्यामागे अमृताची विहीर. मी उंबऱ्याकडे तोंड करून मथुराला विचारलं, "या विहिरीला रहाट नाही, मोट नाही. राजपुत्र पाणी काढणार कसं?" ती दाराबाहेर सुकेळी निवडत बसलेली असायची. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, तुम्ही त्या राजपुत्राला खतसुद्धा घालाल!" म्हणाली. मथुरा इतकी हसते हे मला माहीत नव्हतं. मधल्या वेळात आम्ही दाराच्या अलीकडून-पलीकडून बोलत राहायचो. आठ वर्षांत बोललो नव्हतो तेवढं त्या महिन्यात बोललो, आणि तेही कुठल्यातरी बॅरिस्टरबद्दल.

एक दिवस शालू अडखळत-धावत उंबऱ्यापर्यंत आली. मी ओरडलो, "उचल तिला!" पोर घाबरून रडायला लागली. त्या दिवशीची पुडी मी तशीच ठेवली. खोटं कशाला बोलू, पांघरूण डोक्यावर घेऊन रडलो.

तरी माझा भरवसा हलला नव्हता. ताप उतरला होता, भूक लागत होती. मी त्या मुंबईतल्या गिनीपिगची फार काळजी करायचो. त्याला गवत मिळत असेल ना, ऊब असेल ना. देवापुढे दिवा लावताना आई माझ्यासाठी काय मागायची ते तिला ठाऊक; मी त्या मुक्या जनावराच्या प्रकृतीसाठी हात जोडायचो. मथुराला सांगितलं तर म्हणाली, "तुम्ही एवढी काळजी कधी माझीसुद्धा केली नाहीत." थट्टेतच म्हणाली. पण ते मला लागलं, आणि लागलं ते बरंच झालं.

मार्गशीर्षात आमचे डॉक्टर स्वतः सायकलवरून आले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तुमचा गिनीपिग गेला."

थोडा वेळ मला त्या बिचाऱ्याचंच वाईट वाटलं. मग अर्थ डोक्यात शिरला.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. दहा वर्षांपूर्वी मी वेगळं बोललो असतो. आता स्ट्रेप्टोमायसिन आहे. हे इंजेक्शन क्षयाच्या जंतूंवर चालतं. सोबत पी.ए.एस. नावाच्या मोठ्या पुड्या गिळायच्या. फुप्फुस अजून शाबूत आहे. तुमची बायको आणि मुलगी दोघींना तपासलंय, त्या ठणठणीत आहेत. पण हा उपचार महिनोन्महिने चालेल. एक तर तुम्ही सॅनेटोरियममध्ये जा, म्हणजे क्षयाच्या रुग्णांना ठेवतात त्या रुग्णालयात. नाही तर इथेच राहा, पण मग मूल या घरात नको. लवकर ठरवा."

आई पुन्हा माहेरचं बोलू लागली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नेहमीप्रमाणे हुकूम सोडणार होतो. ओठांवर आलाच होता, "कुणी कुठे जायचं नाही." पण महिनाभर मी एकामागून एक नायक पाहिले होते. कुणी नायिकेला घोड्यावर टाकून नेलं, कुणी तिच्यासाठी राज्य सोडलं, कुणी विष प्यायला. एकानेही तिला विचारलं नव्हतं की बाई, तुझं काय म्हणणं आहे? पडल्या पडल्या मी त्या सगळ्यांवर चिडलो होतो. आणि आता मीही तेच करायला निघालो होतो.

मी म्हटलं, "मथुरा, तू सांग. तुला काय वाटतं?"

आई चमकली. मथुराने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगू? ती आता म्हणेल, "मी तुम्हाला सोडून कुठेही जाणार नाही," अशी माझी खात्री होती. मी ते ऐकायला तयार होऊन बसलो होतो.

"मी जाते," ती म्हणाली. "शालूला घेऊन सोपाऱ्याला माहेरी जाते. तुम्ही इथेच औषध घ्या, आईंच्या हातचं खा. कादंबरीतली असते तर राहिले असते आणि शेवटच्या प्रकरणात मेले असते. मला पोर वाढवायचीये. आणि तुम्हाला बरं झालेलं बघायचंय."

वाटलं, विचारलंच कशाला! पण विचारल्यावर तिच्या उत्तराला नाही म्हणायची सोय उरत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली. मी खिडकीतून पाहत राहिलो. तिने मागे वळून पाहिलं नाही. मला राग आला, दुःख झालं, आणि ती बरोबर आहे हेही कळत होतं.

पुढचे महिने कठीण होते. कंपाउंडर रोज येऊन इंजेक्शन द्यायचा. काही दिवस कानात घूं घूं व्हायचं, चालताना तोल जायचा. डॉक्टर म्हणाले, हा औषधाचाच त्रास आहे, लक्ष ठेवू, आणि त्यांनी मात्रा कमी केली. पी.ए.एस. पोटात गेलं की मळमळायचं. मला ठणठणीत बरं व्हायचं आहे, हे मी भिंतीला, वाशांना आणि कंपाउंडरला रोज बजावायचो. तो कंटाळून म्हणायचा, "कळलं हो काका!" आणि मी तेव्हा उणापुरा बत्तीसचा होतो!

दर बाजाराच्या दिवशी मथुरा यायची. अंगणात उभी राहायची, शालू कडेवर. मी खिडकीत. मधे एवढं अंतर की ओरडूनच बोलावं लागायचं. कादंबरीतल्या माणसाने चंद्र-चांदण्यांचं काही म्हटलं असतं. आम्ही बोलायचो ते पेंड किती घातली, नव्या लावणीला पाणी कधी, शालूचा दात कुठला आला. आजूबाजूच्या चार वाड्यांना आमच्या संसाराची इत्थंभूत माहिती झाली. पण ती येऊन गेली की त्या दिवशीची मळमळ मला सोसायची.

वैशाखात पुन्हा एक्स-रे झाला. मोठ्या डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला, खाली-वर पाहिला. "पडदा थोडा जाड झालाय, तो तसाच राहील. पाणी नाही, डाग नाही. थुंकीही स्वच्छ आहे. औषध चालू ठेवायचं, पण बायकामुलीला घरी आणायला हरकत नाही." मी तिथल्या तिथे त्यांचे पाय धरले. त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी हे दुखणं आलं तर डॉक्टरांचं ऐका, औषध मधेच सोडू नका, आणि घरच्या माणसांना विचारा. विचारल्यावर मनासारखं उत्तर येईल असं नाही. तरी विचारा. आणि जो दूर जातो त्याने आपल्याला टाकलं, असं मनात आणू नका.

मी थेट मुंबईहून सोपाऱ्याला गेलो. निरोप धाडलेला नव्हता. सासूबाई ओटीवर होत्या. मला पाहून त्यांनी आत हाक मारली आणि मथुरा बाहेर आली. मी नुसतं म्हटलं, "चल घरी." ती आत वळली आणि पाणी प्यायला लागतो तेवढ्या वेळात पेटी घेऊन बाहेर आली.

मी चकित झालो. "एवढ्यात भरलीससुद्धा?"

मथुरा शालूचं झबलं सारखं करत राहिली. सासूबाईच म्हणाल्या, "भरायला ती रिकामी कधी होती, जावईबापू? इतके महिने रोज पेटीतनं लुगडं काढायची, धुऊन वाळवून परत पेटीत. मी म्हटलं, फळीवर ठेव गं. तर म्हणे, फळीवर ठेवलं की राहायला आल्यासारखं वाटतं."