भेंडीचा वाफा

चैत्रात पाऊस पडू नये, एवढा साधा नियम या आभाळाला पाळता येत नाही. परसातला भेंडीचा वाफा आज दुसऱ्यांदा मातीला मिळाला आणि मी मागच्या दारात उभी राहून नुसती चरफडत होते.

बी मी लावले असते तर एवढे वाटले नसते. ते यांनी लावले होते. दिवाळीत यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, बोलणेही जड झाले. त्यानंतर आपणहून हाती घेतलेले हे पहिलेच काम. डाव्या हाताने एकेक बी दाबायला अख्खी सकाळ लागली होती. मागच्या सरीने ते वाहून नेले, तरी यांनी पुन्हा लावले. परवा कोंब वर आले, तर आज गारा!

माणूस चुकला तर त्याच्याशी भांडता तरी येते. वेळकाळ न पाहता येऊन आदळणाऱ्या गोष्टींशी कुणी भांडायचे? पाऊस काय, आजार काय!

"जाऊ द्या, बाजारातून आणू भेंडी," मी म्हणाले.

हे खुर्चीतून उठून भिंतीच्या आधाराने पायरीपर्यंत आले. चिखलाकडे पाहिले, मग वर आभाळाकडे. ओठ दोनदा थरथरले.

"हरामखोर!"

पाच महिन्यांत इतका स्वच्छ शब्द यांच्या तोंडून आला नव्हता. मला हसू फुटले.

"पुन्हा म्हणा," मी म्हटले.

यांनी पुन्हा म्हटले. या वेळी शेजारच्यांनाही ऐकू गेले असावे.